लांबट पेटी की गोल पेटी?

काचेच्या दोन तावदानांमधली अरुंद फट म्हणजे आपली पेटी; ती लांबट असते किंवा गोल. तिच्यात ग्लिसरीन भरून हवा ढकलली, की दोघांमधली सीमा सपाट राहत नाही. हवेचं टोक जरा पुढे सरकलं, की त्याच्यापुढे दाट द्रव कमी उरतो, विरोध घटतो आणि ते आणखी जोरात घुसतं. पृष्ठताण मात्र बारीक खाचा पुसत राहतो. ही ओढाताण दोन्ही पेट्यांत सारखीच.

लांबट पेटीत एका टोकाकडून हवा सोडली, तर सुरुवातीला हवेची बोटांसारखी अनेक टोकं, म्हणजे ‘बोटं’, फुटतात. पुढे गेलेलं बोट बाकीच्यांची वाढ खुंटवतं आणि शेवटी एकच गुळगुळीत बोट उरतं. वेग वाढवत नेला, तर त्याची रुंदी पेटीच्या जवळपास निम्म्यावर स्थिरावते, हे सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवलं. निम्मीच का, हे गणिताने उलगडायला १९८०चं दशक उजाडलं! मला या प्रश्नाचं अजूनही अप्रूप वाटतं.

गोल पेटीत हवा मध्यातून शिरते. बाजूच्या भिंती नसल्याने टोक रुंदावतं, दुभंगतं, पुन्हा दुभंगतं. स्थिर आकार असा येतच नाही.

मोजमाप करायचं असेल तर लांबट पेटीच घ्यावी. फांद्या कशा फुटतात ते पाहायचं असेल तर गोल.