शेजाऱ्यांची तक्रार आणि गायब झालेला सायलेन्सर

स्कूटरच्या आवाजावरून होणारी फसवणूक कोकणात जवळजवळ नेहमी एकाच वाटेने होते. शेजारचे काका खळ्यात येऊन ऐकवून जातात, "रे, तुझ्या गाडयेचो आवाज काय तो! पोराक झोप लागाक देत नाय." दोन दिवसांनी विहिरीवर तोच विषय निघतो. मग गाडीवाला वैतागून किंवा शरमून गॅरेज गाठतो आणि म्हणतो, "काय वाट्टेल ते करा, पण आवाज बंद करा." सगळं नुकसान या एका वाक्यात आहे. कोकणातले बहुतेक फिटर सचोटीचे आहेत, पण जो तसा नाही त्याला हे वाक्य म्हणजे सही केलेला कोरा चेक वाटतो.

पुढचं ठरलेलं असतं. फिटर गाडी स्टँडवर घेतो, दोनदा रेस करतो आणि सांगतो, "सायलेन्सर गेला. खारी हवा ना आपल्याकडे, आतून सडतो." हे खोटं वाटत नाही, कारण ते अर्धं खरं आहे. अर्ध्या तासात नवा सायलेन्सर बसतो, जुना गॅरेजच्या मागच्या बाजूला जातो. गिऱ्हाईक काही हजार रुपये मोजतं, आवाज खरंच कमी झालेला असतो आणि शेजारीही गप्प बसतात. त्यामुळे आपण फसलो हे कित्येकांना कळतच नाही.

नवा सायलेन्सर बसवताना त्याच्यासोबत इंजिनच्या तोंडाशी, जोडातली फट बुजवणारं नवं गॅस्केटही बसतं. आवाज थांबतो तो पुष्कळदा या गोल कडीमुळे. ती शंभर रुपयांच्या आत मिळते.

जुना सायलेन्सर मात्र भंगार नसतो. 1 एप्रिल 2020 पासून देशात गाड्यांच्या धुराची बीएस-6 मानकं लागू झाली. या गाड्यांच्या धुराच्या मार्गात विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, बीएस-4 गाड्यांपैकीही अनेकांत तो आहे. आत बारीक भोकांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. स्कूटरच्या जाळीत तो थोडाच असतो, पण भंगारच्या धंद्यात अशा जाळ्यांना वेगळा भाव आहे. गिऱ्हाईक सडकं लोखंड समजून जे सोडून जातं, ते मागच्या दाराने विकलं जातं. वर नवा म्हणून बसवलेला सायलेन्सर लोकल असेल, तर त्यात ही जाळी पुष्कळदा नसतेच. ज्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पाइपवर असतो, तिथे लोकल सायलेन्सरला सेन्सरची जागाही नसते. मग सेन्सर तसाच लोंबकळत ठेवतात, मीटरवर इंजिनचा दिवा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि पुढच्या पीयूसीला गाडी अडते. तोवर गॅरेजवाला हात झटकून मोकळा झालेला असतो.

खाऱ्या हवेचं अर्धसत्यही नीट समजून घ्यायला हवं. सायलेन्सर बाहेरून गंजतो तो खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने. आतून सडतो तो मुख्यतः इंजिनच्याच पाण्याने. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर सलग चालली तर सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर पडते. घर ते नाका, नाका ते घर एवढंच चालवलं तर ती आतच थंड होऊन साचते. यासाठी बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या बाजूला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यातून पाणी ठिबकतं. काही गॅरेजवाले हेच भोक "लीक" म्हणून दाखवतात आणि वेल्डिंगने बुजवून पैसे घेतात. मग पाणी आतच राहतं आणि चांगला सायलेन्सर खरोखर सडू लागतो. चाकरमान्यांच्या गाड्या गणपतीपासून शिमग्यापर्यंत पडवीत उभ्या असतात, त्यांत हे भोक कुंभारमाशी मातीने बुजवते. बारीक तारेने ते मोकळं करायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी आवाज कुठून येतो ते घरीच बघा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, उघड्यावर. एकाने गाडी चालू करावी, दुसऱ्याने उजव्या बाजूला, सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडला जातो तिथे कान द्यावा. सुरुवातीला "फट-फट" किंवा "टक-टक" असा कोरडा आवाज आणि पाच-सात मिनिटांनी गाडी तापल्यावर तो कमी होणं, ही गॅस्केट गेल्याची खूण. धातू तापून फुगतो आणि फट थोडी बुजते. त्या जोडाभोवती काजळीचा काळा डाग असेल तर शंका उरत नाही. आणखी खात्री हवी असेल तर गाडी चालू केल्याबरोबर, पहिल्याच मिनिटात, जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले की गळती सापडली. तापल्यावर हा प्रयोग करू नका, हात भाजेल.

गाडी बंद आणि थंड असताना सायलेन्सर मुठीने हलकेच ठोका. आतून खुळखुळ आली आणि मागच्या तोंडातून गंजाचे पापुद्रे पडले, तर आतल्या पट्ट्या सुटल्या आहेत. अशा वेळी सायलेन्सर बदलायला हवा आणि फिटर खरं बोलतो आहे. फक्त वरचं पत्र्याचं कव्हर खडखडत असेल तर एक स्क्रू आणि एक वॉशर लागतो. मागचा ब्रॅकेट चिरला असेल तर वेल्डिंग पुरतं, पण सायलेन्सर गाडीवरून काढून. बीएस-6 गाडीला बॅटरी जोडलेली असताना अंगावरच वेल्डिंग केलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाण्याची भीती असते आणि तो खर्च सायलेन्सरपेक्षाही जड पडतो.

आवाज डावीकडून येत असेल तर सायलेन्सरचा संबंधच नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या स्कूटरांत बेल्ट, रोलर आणि क्लच डावीकडे असतात. हळू वेगात खरखर येत असेल तर झिजलेले रोलर किंवा त्यांच्या प्लेटचे प्लॅस्टिकचे तुकडे तपासायला सांगा, आणि झाकण उघडलं की रोलर हातात घेऊन बघा. गोल असायला हवेत, एका बाजूला चपटे झाले असतील तर गेले. एअर फिल्टरचा डबा नीट बसला नसेल किंवा त्याची नळी फाटली असेल तर रेस केल्यावर घुमल्यासारखा आवाज येतो. तोही सायलेन्सरच्या नावावर खपवला जातो. नंबर प्लेट आणि स्टँडची स्प्रिंग यांचा खडखडाट तर हात लावून थांबतो की नाही, एवढ्यावरच कळतो.

गॅस्केट बदलणं फार काम नाही, पण कोकणात त्यात एक खोच आहे. पाइप इंजिनला दोन नटांनी धरलेला असतो आणि त्यांचे स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे, गंजलेले असतात. जोर लावला की स्टड तुटतो, मग ड्रिल मारून तो काढायचा खर्च वेगळा. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा फवारा. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून काढायचं. ते दाबून बसलेलं असतं, म्हणून पुन्हा वापरायचं नाही. दोन्ही नट आधी हाताने, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. एकच नट पूर्ण आवळला तर कडी तिरकी बसते आणि आठवड्यात पुन्हा फट-फट सुरू होते. मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट सगळ्यात शेवटी.

"आत ग्लासवूल भरून देतो" असं कोणी म्हटलं तर गाडी परत घ्या. नेहमीच्या स्कूटरच्या कंपनी सायलेन्सरमध्ये आवाज मुख्यतः आतल्या कप्प्यांनी आणि नळ्यांनी मारलेला असतो. मागच्या तोंडात वूल किंवा जाळी कोंबली की धूर अडतो, इंजिन तापतं, चढाला गाडी दम टाकते. त्याउलट "आतली जाळी काढली की मायलेज वाढेल" हा सल्ला तर सरळ कन्व्हर्टर चोरण्याचा आहे. जाळी काढली की आवाज वाढतो. सायलेन्सर कापून पुन्हा जोडला असेल तर वेल्डची ओबडधोबड रेघ आणि ताजा काळा रंग दिसतो. इंजिन "सायलेंट" करणाऱ्या तेलाच्या बाटलीने फुटलेलं गॅस्केट सांधत नाही. आधी इंजिन ऑइलची पातळी बघा. या इंजिनांत ऑइल लिटरपेक्षा कमीच असतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी टिकटिक वाढते.

सायलेन्सर खरोखर बदलायचा असेल तर गाडी सोडण्याआधी जुन्याचा आणि त्यावर ठोकलेल्या नंबरचा फोटो काढा. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटचा एक ठिपका द्या, कारण मागितल्यावर दुसऱ्याच कोणाचा सडका तुकडा हातात ठेवण्याचे प्रकार होतात. "जुना मी घेऊन जाणार" हे कामाआधी सांगा, जॉबकार्डवर लिहून घ्या. नवा माल खोक्यासकट बघा: पार्ट नंबर, एमआरपी, महिना-वर्ष. नुसत्या कंपनीच्या स्टिकरवर जाऊ नका. पक्कं बिल घ्या आणि त्यात पार्ट नंबर लिहायला लावा.

या तक्रारींच्या निमित्ताने अलीकडे दुसराही सापळा लागतो. व्हॉट्सअॅपवर "तुमच्या वाहनाचे चलन" म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, येते. शेजाऱ्याशी कालच वाजलेलं असतं, त्यामुळे त्यानेच तक्रार केली असं वाटून माणूस ती उघडतो. फाइल इन्स्टॉल झाली की मेसेज आणि ओटीपी चोरांच्या हाती जातात. खऱ्या चलनासाठी कोणतंही अॅप असं पाठवलं जात नाही. गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः बघा. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

दंडाची भीती घालून काम गळ्यात मारणारेही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये आवाज आणि धुराची मानकं मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे हे खरं. पण जाळी काढलेला सायलेन्सर बसवून देणारा गॅरेजवालाच तुम्हाला त्या कलमाच्या तोंडी देतो. गाडीत बेकायदा बदल केल्याचं कलम 182ए(4) मालकाला लागतं.

शेजाऱ्याचं म्हणणं मात्र गंभीरपणे घ्या, कारण रोगाचं निदान त्याच्याकडेच असतं. आवाज पहाटेच येतो की दिवसभर, चालू करताना की निघताना, हे त्याला नीट माहीत असतं. पहाटे मासळीच्या लिलावाला निघणाऱ्यांनी गाडी पत्र्याच्या पडवीत चालू करू नये. पत्रा आणि चिऱ्याच्या भिंती आवाज दुप्पट घुमवतात. गडग्याबाहेर ढकलत नेऊन चालू करा. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला रेस करून तापवायची गरज नसते, अर्ध्या मिनिटात हळू निघता येतं. काम झाल्यावर काकांनाच बोलवा आणि थंड गाडी त्यांच्यासमोर चालू करून दाखवा.

फसवणूक झालीच असेल तर आधी गॅरेजला लेखी पत्र द्या: तारीख, बिल नंबर, काय बसवलं, जुना भाग परत का दिला नाही. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. त्यानंतर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. बिल, फोटो आणि दुसऱ्या गॅरेजमधून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सायलेन्सरबद्दल लिहून घेतलेला अभिप्राय सोबत जोडा. पीयूसीला गाडी नापास झाली असेल तर तो कागदही ठेवा.