पतसंस्थेच्या हिशेबासाठी फॉक्सप्रोऐवजी पोस्टग्रेस

कर्नाटकातील निपाणी-चिकोडी पट्ट्यातील ज्या पतसंस्थांचा कारभार अजून फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रणालीवर (नोंदी साठवण्याच्या सॉफ्टवेअरवर) चालतो, त्यांच्या संचालकांनी आता पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस प्रणालीकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगतो. फॉक्सप्रोने आमच्या पतसंस्थेची अनेक वर्षे निभावली, हे मान्यच आहे. पण त्याची शेवटची आवृत्ती 2004 ची, मायक्रोसॉफ्टचा आधार 2015 मध्ये संपला आणि एका टेबलला 2 जीबीची मर्यादा आहे.

आपल्या भागात खरी अडचण नावांची. सभासदांच्या एकाच यादीत शिर्के, पाटील यांच्या शेजारी हिरेमठ आणि बडिगेर असतात, आणि नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत ठेवावी लागतात. फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत, कळत नसल्याने ही नावे विशिष्ट फॉन्टवर विसंबून राहतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांची निरर्थक चिन्हे दिसतात. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही लिपी एकाच रकान्यात नांदतात आणि 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून मराठी यादी मराठी वर्णक्रमाने, कन्नड यादी कन्नड वर्णक्रमाने लावता येते.

फॉक्सप्रोमधून पोस्टग्रेसमध्ये स्थलांतर करताना सर्वाधिक वेळ या नावांनीच घेतला. 'शिर्के' हे आडनाव घ्या: आमच्या जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी 'श'च्या आधी आणि रफार अगदी शेवटी साठवलेला होता, तर युनिकोडमध्ये वेलांटी 'श'नंतर आणि 'र' हा 'के'च्या आधी येतो. रूपांतराचा प्रोग्रॅम लिहूनही आम्ही प्रत्येक नाव सभासद नोंदवहीशी ताडून पाहिले. हे काम कोणीही टाळू नये.

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसरीकडे जमा होण्याआधीच वीज गेली, तर दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधलेल्या असल्यास पोस्टग्रेस पहिली नोंदही ग्राह्य धरत नाही. खात्री करण्यासाठी आम्ही चाचणीच्या संगणकाचा प्लग नोंदी चालू असतानाच काढला. पुन्हा सुरू केल्यावर पोस्टग्रेसने आपल्या लॉगवरून (प्रत्येक बदलाच्या नोंदीवरून) सर्व सावरून घेतले आणि तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा, पैशापर्यंत जुळली.

बर्कली येथील विद्यापीठात 1986 साली सुरू झालेल्या प्रकल्पातून घडलेल्या या प्रणालीला परवाना शुल्क नाही. खर्च होतो तो माणसांवर, कारण पावती, कर्जखाते, पिग्मी (एजंटांमार्फत रोज गोळा होणारी अल्पबचत) यांचे स्क्रीन नव्याने लिहावे लागतात, आणि त्यासाठी जाणकार प्रोग्रॅमर हवाच. आम्ही 1 एप्रिलपासून तीन महिने दोन्हीकडे नोंदी केल्या, रोज संध्याकाळी तेरीज ताडली आणि पिग्मी एजंटांचे आकडे सलग जुळू लागल्यावरच जुना संगणक बंद केला.