नागपूरच्या सक्करदऱ्याकडच्या आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटरचा कोपरा, सहा महिने वापरून झाल्यावर

आधी सरळ सांगून टाकते, चांगलं आहे, जा. आता सविस्तर लिहिते कारण नुसतं चांगलं म्हणून कोणाला काही समजत नाही. वाचनालयाचं नाव मुद्दाम टाकत नाही, ग्रंथपाल मॅडमनी विनंती केली की मंजुरीची एकदोन कामं अडकून आहेत, आत्ता नावानिशी काही नको. सक्करदरा तलावाच्या बाजूला आतमध्ये वस्ती आहे तिथलं जुनं वाचनालय, आसपासच्या लोकांना लगेच कळेल. खाली देवघेव आणि पेपर वाचायची खोली, वर अभ्यासिका, आणि जिन्याखाली जी जागा उरली तिथे तीन कॉम्प्युटर. त्या जिन्याखालच्या कोपऱ्याबद्दलच हे सगळं आहे.

मी पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये गेली, सासूबाईंना घेऊन. सासरे रेल्वेत होते, त्यांच्या मागे सासूबाईंना फॅमिली पेन्शन मिळते आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आधी बँकेत जाऊन सही केली की झालं, आता जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून ऑनलाइन निघणारा हयातीचा दाखला. ते अंगठ्याच्या मशीनवर होते पण सासूबाईंचे ठसे उमटतच नाही, आयुष्यभर भांडी आणि धुणं, बोटांवर रेघा उरल्याच नाही. एका दुकानात दोन दिवस हेलपाटे मारले, दोन्ही दिवस पैसे घेतले आणि "उद्या या" म्हटलं, सासूबाई उन्हात दोन तास बाकावर बसून राहिल्या. मग शेजारच्या काकू म्हणाल्या वाचनालयात विचारून पहा ना. मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर चेहरा दाखवून करायचं ॲप उघडलं, सासूबाईंना खिडकीजवळ उजेडात बसवलं, "आजी, डोळे मिचकवा" म्हणाल्या, तिसऱ्या वेळी झालं. पैसे विचारले तर म्हणाल्या फक्त प्रिंटचे ३ रुपये द्या. सासूबाई घरी येईपर्यंत त्यांचंच कौतुक करत होत्या. मी दुसऱ्याच दिवशी मेंबर झाली. अनामत ५०० रुपये, वर्गणी महिन्याला ५०, कॉम्प्युटर तासाला १०, शाळेच्या मुलांना फुकट.

मग जानेवारीत पोरीचा सीईटीचा फॉर्म. बारावीला आहे ती. घरी लॅपटॉप नाही, मोबाईलवर फॉर्म भरायला बसलो तर फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवता बसवता पेज बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे मोठ्या स्क्रीनवर एका तासात झाला, पण एका गोष्टीसाठी दोनदा यावं लागलं आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. ओटीपी. आमच्या घरचा सगळीकडे दिलेला नंबर यांच्या मोबाईलचा, आणि हे बुटीबोरीला कंपनीत, आत मोबाईल चालत नाही. पोरगी स्क्रीनसमोर बसून आहे, ओटीपी बुटीबोरीला लॉकरमध्ये येऊन राहिला आणि दहा मिनिटांत संपून राहिला. मी तिथे दर आठवड्याला असे लोक पाहते. कामवाल्या बाया येतात, मोबाईल पोराजवळ आणि पोरगा डिलिव्हरीवर. गावाकडून शिकायला आलेले पोट्टे येतात, आधारला बाबांचा जुना नंबर, तो बंद पडलेला. कॉम्प्युटर आहे, नेट आहे, आणि तरी काम होत नाही. तेव्हा मॅडम शांतपणे एक कागद देतात, त्यावर पोर्टलचं नाव, काय काय कागद लागतात आणि शेवटी मोठ्या अक्षरात "हा मोबाईल सोबत आणा" असं लिहून नंबरचे शेवटचे चार आकडे. इतकी साधी गोष्ट पण त्यामुळे माणसाचा दुसरा रोज बुडत नाही.

आता मशीनबद्दल. एक कॉम्प्युटर राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेला आहे, कोलकात्याची ती केंद्र सरकारची संस्था, १९७२ पासून देशभरच्या वाचनालयांना पुस्तकं, कपाटं, कॉम्प्युटर यासाठी मदत देते. हा चांगला आहे, विंडोज १० आहे. बाकी दोन एका बँकेनं जुने झाले म्हणून दिलेले, आणि इथे मला मनापासून बोलायचं आहे. जुना कॉम्प्युटर दान देणं चांगलं आहे पण त्या दोन्हींवर विंडोज ७ होतं, त्याचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, जानेवारी २०२० मध्येच संपलेला, आणि क्रोमनं पण २०२३ पासून त्याला नवीन व्हर्जन देणं बंद केलं. म्हणजे मशीन सुरू होते, दिवा लागतो, आणि सरकारी पोर्टल उघडलं की गोल फिरत राहते. वर्षभर ते दोन्ही रजिस्टरमध्ये "चालू" म्हणून होते. शेवटी अभ्यासिकेतल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोरानं एकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलं, फुकटचं, आणि ते आता सुरळीत चालते, टायपिंगच्या परीक्षेची प्रॅक्टिस करणाऱ्या पोरी त्याच्यावरच बसून असतात. दुसऱ्याचा मदरबोर्ड गेला, तो झाकून ठेवलाय. आणि जो चांगला आहे त्याच्या विंडोज १० चा पण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे काय हा प्रश्न आत्तापासून आहे, मशीन एकदा देऊन विषय संपत नाही.

एक तक्रार, गंभीर. मी पहिल्या महिन्यात प्रिंट काढायला डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर आत लोकांची आधार कार्डं, पॅन, बँक पासबुकाचे फोटो, कोणाचा तरी जातीचा दाखला, दीडशेच्या वर फायली. कोणीही पेन ड्राइव्ह लावून घेऊन जाऊ शकला असता. दोन जणांचे तर जीमेल उघडेच. मी मॅडमना दाखवलं, त्यांना खूप वाईट वाटलं, त्यांनी माझ्यासमोर सगळं काढलं आणि रिसायकल बिन पण रिकामी केली. आता लोकांसाठी वेगळं गेस्ट खातं केलंय, लॉगआउट केलं की सगळं आपोआप पुसल्या जाते, आणि भिंतीवर मराठीत पाटी लावली आहे. पण ही गोष्ट एखाद्या मेंबरनं पाहिली म्हणून झाली. ज्या कोणत्या वाचनालयात कॉम्प्युटर देतात तिथे हे पहिल्या दिवसापासून करून द्यायला पाहिजे, ग्रंथपालाला ते कोणी शिकवलेलं नसते. तुमच्या जवळच्या सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सवाल्याकडे पण हीच परिस्थिती असेल, आपली फाईल आपण पुसून यायची.

आता जे मला सगळ्यात जास्त आवडलं ते. दुपारी चार वाजता एक मुलगा येतो, त्याला दिसत नाही, बी.ए. करून राहिला. तो विंडोजवाल्या मशीनवर हेडफोन लावून बसतो, त्यात एनव्हीडीए म्हणून सॉफ्टवेअर आहे, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवते, मराठी पण वाचते, आणि ते पूर्ण फुकट आहे. त्याच्यावर तो सुगम्य पुस्तकालयातून पुस्तकं घेतो, दिसत नसलेल्या लोकांसाठीचं ते ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. मी त्याला विचारलं घरी का नाही करत, तर म्हणाला घरी एकच खोली आहे आणि टीव्ही सुरू असतो. मला याचा अर्थ नीट समजायला दोन दिवस लागले. आपण म्हणतो आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, वाचनालयात कॉम्प्युटर कशाला. त्याच्याकडे पण मोबाईल आहे. नाही काय तर शांत जागा, की-बोर्ड, टेबल, आणि अडलं तर जवळ कोणीतरी.

मराठी विश्वकोश आता ऑनलाइन फुकट आहे, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, आयआयटी खरगपूरनं उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. हे सगळं त्या जिन्याखालच्या कोपऱ्यातून उघडते. माझ्या पोरीला हे बारा वर्षांच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, इथे सांगितलं.

आता पैशाचं. मी एकदा मॅडमना म्हटलं की तिसरा कॉम्प्युटर दुरुस्त करून घ्या ना, त्यांनी वही काढून हिशोबच दाखवला. आपल्याकडे ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यात अशी पद्धत आहे की लोकांनी संस्था काढून वाचनालय चालवायचं आणि सरकारनं वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचं, अ ब क ड. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. २०१२ नंतर अनुदान दहाएक वर्षं तिथेच अडकून होतं, मग ६० टक्के वाढ झाली आणि आमच्यासारख्या, म्हणजे तालुका किंवा जिल्हा वाचनालय नसलेल्या ब वर्गाला वर्षाला ३,०७,२०० रुपये झाले. ड वर्गाला ३० हजाराचे ४८ हजार, वर्षाचे बरं का. आमच्याकडचे अर्धे पगाराला जातात, म्हणजे महिन्याला १२,८०० रुपये, आणि इथे माणसं तीन. ग्रंथपाल, क्लार्क आणि शिपाई काका. तुम्हीच भागून पहा. ज्या बाईनं माझ्या सासूबाईंचा दाखला काढून दिला, पोरीचा फॉर्म तपासला, त्या आंधळ्या मुलाला सॉफ्टवेअर टाकून दिलं, तिला महिन्याला जे हातात पडते ते आमच्या गल्लीत स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईपेक्षा कमी आहे. उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं, मासिकं, लाईट बिल, बाइंडिंग, नेट, झाडू, सगळं. आणि ते पण हप्त्यानं येते. यावेळी हप्ता यायच्या आधी दोन महिने नेटचं बिल मॅडमनी स्वतः भरलं, हे त्यांनी नाही सांगितलं, काकांनी सांगितलं.

माझी नणंद बेळगावला दिली आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणे आमच्या घराच्या टॅक्समध्ये ग्रंथालय कर असतो. खरंच आहे, कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के आहे, तामिळनाडूत १०, केरळात ५. मी आपलं घरटॅक्सचं बिल काढून पाहिलं, शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, ग्रंथालयाचं काही नाही कारण आपल्या कायद्यात तो घेतलाच नाही. तिकडेही तो पैसा वेळेवर पोचत नाही अशी ओरड असते म्हणे, तर सगळं सोन्याचं नाही. पण निदान वाचनालयाचा म्हणून एक पैसा ठरलेला तर असतो, कोणाला दरवर्षी मागायला जावं लागत नाही. मला विचाराल तर मी वर्षाला शंभर-दोनशे आनंदानं भरीन, फक्त त्यातला मोठा भाग माणसाच्या पगाराला गेला पाहिजे. मशीनसाठी देणगीदार मिळतात, उद्घाटनाला फोटो निघतो. त्या खुर्चीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी देणगी देत नाही.

बाकी छोटंमोठं. वरची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पोट्ट्यांनी सकाळी सातलाच भरलेली असते, बाहेरच्या खाजगी अभ्यासिकेला महिन्याला आठशे-हजार लागतात त्यामुळे गर्दी राहणारच, पण कधीकधी ते खाली येऊन कॉम्प्युटर तासभर अडवतात आणि म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागते. पेन्शनवाल्यांसाठी एक वेळ राखून ठेवा असं मी सुचवलंय. उन्हाळ्यात कूलर आहे पण जिन्याखाली हवा येत नाही, मे महिन्यात दुपारी ४५ च्या वर पारा असताना तिथे वीस मिनिटं पण बसवत नाही, सकाळीच जा. बायकांचं बाथरूम स्वच्छ असते, हे मुद्दाम लिहिते कारण त्यावाचून पोरी येत नाहीत. प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइटच आहे. यूपीएस नाही, लाईट गेली की भरलेला फॉर्म गेला, म्हणून मध्ये मध्ये सेव्ह करत चला. जिना अरुंद आहे, व्हीलचेअर वर जात नाही, पण कॉम्प्युटर खालीच असल्यानं ते काम होते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बंद पडलेल्या मशीनसाठी आणि यूपीएससाठी, माणसांसाठी नाही.

देवघेव आणि कॉम्प्युटरची वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८, सोमवारी बंद. नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाणसाठी येणार असाल तर पहिल्याच आठवड्यात या, शेवटी फार गर्दी होते. आधार, पासबुक, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावर असतो तो) लिहून आणा, आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो मोबाईल सोबत पाहिजे, नाहीतर दुसरी चक्कर पडते.