इन्कॉग्निटो आठ महिने वापरलं, तरी आईचं आधार दुकानातच राहिलं

गेल्या मंगळवारी जे झालं त्यामुळे हे लिहायला बसले. आमच्या रामबागेतल्या घरी प्रिंटर नाही, आणि वर्षाकाठी पंचवीस-तीस पानांसाठी मी तो घेणारही नाही. कागद काढायचा तर गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइनचं दुकान आहे. तिथे सगळे फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मला ते कधीच पटलं नाही, फाइल त्यांच्या फोनमध्ये कायमची राहते. म्हणून मागच्या नोव्हेंबरात, बाबांच्या हयातीच्या दाखल्याच्या वेळेपासून, मी तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःच बसते. क्रोम ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबायचं, इन्कॉग्निटोची, म्हणजे मागे हिस्ट्री न ठेवणारी काळी खिडकी उघडायची, काम उरकायचं, खिडकी बंद करायची.

पहिले काही महिने मी या सोयीवर बेहद्द खूश होते. एकदा मेल उघडी असतानाच लाइट गेली. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा शेजारच्या साध्या खिडकीतले टॅब परत मिळवता आले, माझी खिडकी मात्र मागमूस न ठेवता गेली होती. लॉगआउट न करताही मेल बंद! त्या दिवशी घरी येऊन मी आईला कौतुकाने सांगितलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवरही फायदा झाला. तो भाचे मंडळी वापरतात, आणि मी बँकेची साइट उघडली होती हे त्यांना टायपिंग करताना सुचवलं जात नाही.

मंगळवारी बाबांच्या पेन्शन खात्याचं स्टेटमेंट मेलमधून उतरवलं आणि ते शोधायला डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. यादी खाली सरकवली तर आईचं ई-आधार. मार्चमध्ये काढलेलं. त्याच्या वर कुणाची मार्कशीट, खाली कुणाचा भाडेकरार. काउंटरवरचा मुलगा मागून डोकावून सहज म्हणाला, "आंटी, ये तो आपकी ही फाइल पड़ी है, कब से।" माझ्या पोटात गोळाच आला.

फाइलला पासवर्ड असतो, हे मला माहीत आहे. पण ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आईची पंचाहत्तरी आम्ही गेल्या वर्षी गल्लीला जेवण घालून केली. नाव कुणाला माहीत नाही, आणि साल कुणाला काढता येणार नाही? चार महिने तो कागद तिथे होता, आणि रोज शंभर माणसं त्या खुर्चीत बसतात.

रागारागात घरी येऊन मी इन्कॉग्निटोला एक तारा देणार होते. मग खिडकी उघडून तिचं पहिलं पान नीट वाचलं. डाउनलोड आणि बुकमार्क राहतील, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे फसवलं असं म्हणता येत नाही. हिस्ट्री, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या नोंदी), फॉर्ममध्ये भरलेली माहिती हे ब्राउझरच्या ताब्यातलं, ते तो पुसतो. फाइल आपण मागून डिस्कवर ठेवलेली असते, ती तो सोडून देतो. हे समजलं, तरी माझा आक्षेप कायम आहे. मागे काही ठेवायचं नाही म्हणूनच माणूस ही खिडकी उघडतो, त्याला निदान बंद करताना एकदा विचारा तरी! त्या ओळीइतक्या बारीक अक्षरांत ही गोष्ट सांगून भागत नाही.

आणि विचारता येतं. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत खाजगी खिडकीतून फाइल उतरवली की ती सत्र संपल्यावर ठेवायची की पुसायची, असा प्रश्न येतो. घरी मी लगेच फायरफॉक्स घेतला. मला हवी होती ती हीच एक गोष्ट, आणि फुकटात मिळाली.

बाकीचं थोडक्यात. क्रोममध्ये सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचं लॉगिन एकच असतं. बाबांची मेल उघडी ठेवून आईसाठी दुसरी खिडकी उघडलीत तर तिथेही बाबाच दिसतात. आधीच्या सगळ्या बंद करा. शिवाय दुकानाचं नेटवर्क, इंटरनेट कंपनी आणि आपण उघडलेली साइट यांच्यापासून ही खिडकी आपल्याला लपवत नाही. याच गैरसमजावरून गूगलवर अमेरिकेत 2020 मध्ये खटला झाला आणि 2024 मधल्या तडजोडीत साठवलेला डेटा नष्ट करायचं त्यांनी कबूल केलं. कॉम्प्युटरवर कुणी टाइप केलेलं टिपून घेणारा प्रोग्रॅम घातला असेल तर त्यावरही या खिडकीचा इलाज नाही, म्हणून बँकेचा पासवर्ड मी दुकानात टाकतच नाही. स्टेटमेंट घरून मेल करून नेते.

आईचं आधार आता पुन्हा काढलं तर मास्क केलेलंच काढणार, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. परवा दुकानात गेले तेव्हा आधी काम केलं, मग डाउनलोड्स उघडून शिफ्ट धरून डिलीट दाबलं, म्हणजे फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. मालकाला फायरफॉक्स घालायला सांगितलं आहे. त्याने मान हलवली, पण अजून घातलेला नाही. मार्कशीट आणि भाडेकरार तिथेच आहेत. ज्यांचे आहेत त्यांना मी ओळखत नाही, म्हणून हात लावला नाही. मालकाला मात्र ते दाखवून आले.