अन्ननलिकेचा कर्करोग: बाधित गाठी मोजायच्या की गुणोत्तर काढायचं?

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज काढलेल्या लसिकाग्रंथींवरून (इथे ‘गाठी’ म्हणजे याच; कर्करोग पोचला असेल तर ‘बाधित’) बांधतात. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, निव्वळ संख्या. टीएनएम या कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत 1-2 बाधित गाठी म्हणजे एन1 (एन म्हणजे लसिकाग्रंथींची पायरी), 3 ते 6 एन2, 7 किंवा जास्त एन3. सोपी, सगळीकडे चालणारी. पण गाठी कमी तपासल्या तर बाधितही कमीच सापडतात आणि टप्पा खोटाच खाली येतो. म्हणून किमान 15 तरी तपासाव्यात.

दुसरी, बाधित भागिले तपासलेल्या. 8 पैकी 2 आणि 40 पैकी 2, दोन्ही एन1च. गुणोत्तर मात्र 0.25 आणि 0.05. पहिल्या रुग्णात काही गाठी हाती लागल्याच नसण्याची शक्यता बरीच, आणि हा फरक संख्येत दिसत नाही.

तरी गुणोत्तरही भाबडेपणानं वापरू नये. 3 पैकी 1 आणि 24 पैकी 8, दोन्हींचं उत्तर 0.33, पण दुसरा एन3 आहे! एकही गाठ बाधित नसेल तर उत्तर कायम शून्य, मग 4 तपासा की 30. शिवाय सर्वमान्य सीमारेषा नाही. भागाकारातला छेद, म्हणजे तपासलेल्या गाठींचा आकडाही डळमळीत: तुकडे झालेली एक गाठ दोनदा मोजली जाते, आणि आधी केमो-रेडिएशन झालं असेल तर गाठी आक्रसून कमी सापडतात.

15 किंवा जास्त तपासल्या असतील तर संख्येवर विसंबावं. कमी असतील तर गुणोत्तर जोडीला घ्यावं, टप्पा ठरवायला नव्हे. अहवालात बाधित आणि तपासलेल्या, दोन्ही गाठींचे आकडे हवेतच, नुसतं ‘एन1’ नको.