कॅम्पर व्हॅनमधलं टॉयलेट बदललं: मोजमाप, फिटिंग आणि पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या फोर्स ट्रॅव्हलर कॅम्परमधलं जुनं प्लॅस्टिकचं टॉयलेट काढून डोमेटिक ३१० बसवलं. हे पायाच्या पेडलने फ्लश होणारं, गाड्यांसाठीचं टॉयलेट; मैला थेट खालच्या टाकीत पडतो. पावसाळा आणि थंडी दोन्ही उलटून गेले, मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डेही भरपूर खाऊन झाले. भांडं सिरॅमिकचं आहे आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. प्लॅस्टिकला ब्रशचे ओरखडे पडतात, त्यात घाण बसते, मग वास जाता जात नाही. इथे एका फ्लशमध्ये भांडं स्वच्छ होतं.

घ्यायच्या आधी मात्र टेप घेऊन बसा. घरच्या कमोडसाठी दुकानदार ‘नऊ इंची की बारा इंची?’ विचारतो. आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, बहुतेक टॉयलेटना हे अंतर ११ इंच लागतं: भिंतीपासून फ्लँजच्या (टॉयलेट जिथे टाकीच्या पाइपला जोडतात त्या जमिनीवरच्या कड्याच्या) मध्यापर्यंत. भिंतीला आतून पॅनेल असेल तर अंतर पॅनेलपासून धरा, मागच्या पत्र्यापासून नको. व्हॅनची बाजू वर जाताना आत झुकते, त्यामुळे खाली जागा पुरते पण झाकण पूर्ण उघडत नाही. तेवढ्या उंचीवरही माप घ्याच. उंच मॉडेलची सीट साधारण १८ इंचांवर येते. आईच्या गुडघ्यांना ती फार सोयीची पडली. पण टॉयलेट ओट्यावर बसणार असेल तर ओट्याची उंची त्यात मिळवा, नाहीतर पाय लोंबकळतात; तिथे बुटकं मॉडेलच हवं. मी खोक्याच्या पुठ्ठ्यातून बुडाचा आकार कापून जागेवर ठेवला आणि दार लावून पाहिलं. पेडलवर पाय नीट पडतो का, हेही तेव्हाच कळतं.

फिटिंग सोपं आहे: फ्लँजचे दोन बोल्ट आणि मध्ये रबरी सील. आपल्या प्लंबरचा हात सवयीने व्हाइट सिमेंटकडे जातो, त्याला तिथेच थांबवा. धावत्या गाडीत सिमेंट तडकतं, शिवाय खालची गळती झाकली जाते. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत. नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात. नट हळूहळू, आलटून पालटून आवळा आणि पहिल्या लांब प्रवासानंतर पुन्हा तपासा. आमचे थोडे सैल झाले होते. पाण्याच्या जोडणीकडे नीट लक्ष द्या. पाइपच्या आट्यांची मानकं दोन, अमेरिकन एनपीटी आणि आपलं बीएसपी; अर्ध्या इंचाच्या पाइपात दोघांचे इंचाला १४ आटे असतात, म्हणून एकमेकांत फिरतात. पण आट्यांचा कोन वेगळा, त्यामुळे पाणी झिरपतं. योग्य ॲडॉप्टरच लावा.

रोजच्या वापरात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी कायम हवं, ते आटलं की टाकीचा वास वर येतो. मे महिन्यात गाडी सोसायटीत उन्हात उभी असते तेव्हा मी अधूनमधून पाणी ओततो. सीलला सिलिकॉन ग्रीस लावतो. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. दुसरं म्हणजे जेट स्प्रे. त्याने टाकी बघता बघता भरते, म्हणून आम्ही त्याऐवजी पाण्याचा मग वापरतो. पाण्याच्या सवयीचा एक फायदाही आहे: टाकीत मैला सुकून ढीग साचत नाही.

आपल्याकडे जागोजागी डंप स्टेशन, म्हणजे गाडीची मैल्याची टाकी रिकामी करायच्या जागा, नाहीत. गाडी नव्याने बांधत असाल तर मी कॅसेट टॉयलेटच सुचवीन, कारण त्याची पेटी काढून कुठल्याही संडासात रिकामी करता येते. खाली टाकी आधीच बसवलेली असेल तर हे डोमेटिकच घ्या.