सपाट शर्यत की घाटाची? विदर्भातील हौशी धावपटूसाठी तुलना

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करता करता लांब पल्ल्याची गोडी लागलेली मुले, आणि शेती, नोकरी किंवा दुकान सांभाळून पहाटे धावणारी चाळिशीतली माणसे अचलपूर, मोर्शी, दर्यापूरकडच्या रस्त्यांवर आता सर्रास दिसतात. २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावायची ठरली की त्यांच्यापुढे दोन पर्याय येतात: थंडीत नागपूर-अमरावतीकडे होणारी सपाट रस्त्यावरची शर्यत, किंवा पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी साताऱ्याची घाटातली शर्यत. निवड करताना बहुतेक जण चढाचा विचार करतात. माझ्या मते मात्र हा निर्णय उतार पाहून घ्यायला हवा.

२०१२ पासून होत असलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने चढते आणि त्याच रस्त्याने परत येते. पहिला अर्धा भाग मुख्यतः चढाचा आणि दुसरा उताराचा असल्यामुळे, जाताना गेलेला वेळ येताना भरून निघेल असे अनेकांना वाटते. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. सपाट रस्त्यावर किलोमीटरला सात मिनिटे घेणारा धावपटू तेवढ्याच श्रमात सलग ५ टक्के चढावर साधारण साडेआठ मिनिटांवर येतो. घाटाचा चढ सगळीकडे सारखा नसतो, पण अंदाजासाठी हा आकडा धरला, तर साडेदहा किलोमीटरमध्ये जवळपास सोळा मिनिटे जातात आणि ती भरून काढण्यासाठी उतारावर प्रत्येक किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावावे लागते. दमाच्या दृष्टीने ते शक्य असते. मांड्यांना मात्र ते सरावाशिवाय झेपत नाही.

याचे कारण स्नायूंच्या कामात आहे. चढताना पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू आखडून शरीर वर ढकलतात, दम लागतो, पण वेग कमी केला किंवा थोडे चालले की त्रास आटोक्यात येतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात आणि या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती धावताना फारशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेव्हा कळते. बोस्टन मॅरेथॉनचा रस्ता आरंभापासून अंतापर्यंत एकूण सुमारे १४० मीटर खाली उतरतो, तरी जाणकार धावपटू त्याला सोपा म्हणत नाहीत, कारण आधीच्या उतारांनी थकलेल्या मांड्यांना बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पुन्हा मोठा चढ चढावा लागतो.

सपाट शर्यतीचे गुण थोडक्यात सांगता येतात. वेग एकसारखा ठेवता येतो, लागलेल्या वेळेवरून स्वतःची प्रगती मोजता येते आणि सराव घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर होतो. ज्याने आजवर दहा किलोमीटरही सलग धावलेले नाहीत, त्याने याच शर्यतीपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

घाटाच्या शर्यतीची तयारी मात्र घाटातच करावी लागते आणि आपल्या भागात ती अशक्य नाही. अचलपूर, अंजनगाव परिसरातील धावपटूंना धामणगाव गढीहून मोथ्याकडे आणि पुढे चिखलदऱ्याला जाणारा रस्ता आहे. बुलढाण्याकडे राजूर घाट आहे. उतारावरच्या धावण्याची एक चांगली बाब अशी की थोड्या सरावानेही मांड्यांना पुढचे काही आठवडे संरक्षण मिळते. त्यामुळे दर वेळी संपूर्ण घाट चढण्याची गरज नाही. मोटारसायकलने वर जाऊन चार-पाच किलोमीटर धावत उतरणे हाही उत्तम सराव आहे. त्या वेळी स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकावा. पाय थपथप आपटत असतील, तर टाच पुढे रोवून आपण प्रत्येक पावलाला शरीराला रोखत आहोत, असे समजावे. पावले लहान आणि जलद केली, शरीर घोट्यापासून किंचित पुढे झुकवले, की तो आवाज कमी होतो आणि गुडघ्यांवरचा मारही हलका होतो. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या निसरड्या असतात, त्यांवर पाय देऊ नये. मेळघाटालगतच्या रस्त्यांवर उजाडल्यावरच आणि सोबतीने धावावे. अंधारात अस्वल आडवे येण्याची भीती खरी आहे.

हंगामाचा प्रश्न दोन्हीकडे आहे. साताऱ्याची शर्यत साधारण पोळ्याच्या आसपास येते, म्हणजे तयारीचे महिने पेरणी, डवरणी, निंदण आणि फवारणीचे. थंडीतल्या शर्यतीची तयारी सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत सापडते, पण त्या दिवसांत पहाट कोरडी आणि गार असते, एवढा तिचा फायदा. प्रवासाचा फरक मोठा आहे. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला जाते, तथापि एक रात्र गाडीत बसून आखडलेल्या पायांनी घाट चढणे योग्य नाही. किमान एक दिवस आधी पोहोचावे आणि तो मुक्कामाचा खर्च हिशेबात धरावा.

ज्याने एक सपाट अर्धमॅरेथॉन पूर्ण केली आहे आणि जो शर्यतीआधीच्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा तरी घाट धावत उतरू शकतो, त्याने साताऱ्याला अवश्य जावे. ढगांत बुडालेल्या घाटात धावण्याचा आनंद सपाट रस्ता देऊ शकत नाही. शेवटचा कठीण उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावा, म्हणजे मांड्या भरून निघायला वेळ मिळतो. शेतीकामामुळे किंवा अंतरामुळे घाटावर जाणे जमणारच नसेल, तर यंदा थंडीतल्या शर्यतीसाठी नाव द्यावे.